हरणाच्या मागावर जायचे बूट

हरणाच्या मागावर जायचं तर पायात कसले बूट हवेत, हे मला विचारा. मी साताऱ्याची. आमच्या घरी कुणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंडं आणलंच, तर आई त्यासाठी वेगळं भांडं काढायची आणि तेसुद्धा मागच्या अंगणात. बंदुकीला मी आजवर हात लावलेला नाही. पण पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात शिकारीला जाणारे एकेक धिप्पाड गडी दर नोव्हेंबरात माझ्यासमोर पाय पुढे करून बसायचे आणि मी सांगेन ते बूट मुकाट्याने घेऊन जायचे.

स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेर, हायवेला लागून ते दुकान होतं. बंदुका, गळ, तंबू, नारिंगी जाकिटं आणि अगदी मागच्या अंगाला बुटांचा विभाग. माझा नवरा युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करायचा. त्याच्या व्हिसावर मी आले आणि नोकरीची परवानगी नाही म्हणून कितीतरी वर्षं अपार्टमेंटमध्ये नुसती बसून काढली. ग्रीन कार्ड हातात आलं आणि जी पहिली नोकरी मिळाली ती धरली. ती ही. आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, एकीने तोंडावर हात ठेवून विचारलं, "अय्या, म्हणजे लोकांचे पाय हातात घ्यायचे?" मी म्हटलं, "हो. ये की, तुझेही घेते." त्यानंतर तिने माझ्यासमोर तो विषय काढला नाही.

कामात मात्र मी कधी हयगय केली नाही. आमचा मॅनेजर स्वतः जुना शिकारी. त्याने मला पहिल्याच मोसमात सगळं शिकवलं. झाडावर मचाण बांधून दिवसभर बसून राहायचं असेल, तर जाड अस्तराचे गरम बूट बरे. पण हरणाच्या मागावर पायी जायचं, म्हणजे एक पाऊल टाकायचं, थांबायचं, कानोसा घ्यायचा, पुन्हा एक पाऊल, असं असेल तर तेच गरम बूट घात करतात. पाय घामेजतो, मग तो घाम गार पडतो आणि बोटं बधिर होतात. तळ मऊ हवा. पायाखाली वाळकी काटकी आली, तर ती मोडायच्या आधी पायाला कळली पाहिजे. चामडं कुरकुरता कामा नये. माप दुपार उलटल्यावर घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जे मोजे रानात घालणार तेच घालून घ्यायचं. आणि चालून बघायचं. बसल्या जागी छान वाटणारे बूट उतारावर चावतात. त्यासाठी दुकानात नकली खडकाचा एक छोटा चढउतार केलेला होता. उतरताना बोटं पुढे आपटली, की गिऱ्हाईक कितीही "चालेल, चालेल" म्हणो, मी बूट काढून घ्यायची.

हे सगळं मी एवढं जिवाला लावून का शिकले, ते सांगायलाच हवं. मला पायांचा राग होता. माझ्या स्वतःच्या पायांचा, आणि त्याहून कितीतरी जास्त एका बाईचा.

ती बाई त्याच्या दहा-बारा वर्षं आधी आपल्या मुलाला घेऊन मला बघायला साताऱ्याला आली होती. पुण्याची माणसं, मुलगा इंजिनियर, अमेरिकेला जायच्या तयारीत. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी त्या दिवशी रजा टाकली आणि बाहेरच्या खोलीतली शहाबादी फरशी स्वतःच्या हाताने पुसली. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण कुठवर, विणकाम येतं का, सगळं झालं. मग बाई गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, जरा पाणी आणतेस?" पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढ्यातच होता. मुलगी लंगडत नाही ना, हे बघायची ती रीत. मला ठाऊक होती, सगळ्यांनाच ठाऊक असते. मी आत गेले. घाईघाईत आईच्या हातून कळशी हिंदकळली होती, त्यातून ओल्या पायांनी बाहेर आले आणि पुसलेल्या फरशीवर माझी पावलं उमटली. बाई पेला हातात घ्यायचं विसरल्या. त्यांनी मुलाला कोपराने खुणावलं आणि मग दोघंही त्या पावलांकडे बघत बसले.

आठवड्याने मध्यस्थांकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण पाय फताडे आहेत. अख्खं पाऊल उमटतं. अशी सून घराला लाभत नाही.

लाभत नाही म्हणे! अरे, मी काय लॉटरीचं तिकीट होते? पण सातारा केवढं? गोष्ट गावभर झाली. पुढची स्थळं यायची आणि खाली बघून बोलायची. एका मावशीने तर सरळ विचारलं, "ते पायाचं काय ऐकलं आम्ही?" बाबा मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर हसले, म्हणाले असे पाय कितीतरी लोकांचे असतात, काही बिघडत नाही. बाबांनी त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं आणि तो कागद खिशात घालून एसटीने पुण्याला गेले. त्या बाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतून म्हणाल्या, "आता कशाला आलात?" बाबा म्हणाले, "एकदा हा कागद बघा तरी." दार बंद झालं. घरी येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं की माणसं घरी नव्हती. खरं काय झालं ते पुढे कधीतरी आईला बोलले, आणि आईने मला सांगितलं.

इतकं करून बाबांचं मन मानेना. त्यांनी पुण्याहूनच माझ्यासाठी खास बूट करवून आणले. तपकिरी, घोट्यापर्यंतचे, आत पायाला कमान यावी म्हणून चामड्याचा उंचवटा. मी ते वर्षभर घातले. मावसबहिणीच्या लग्नात काठपदराच्या साडीखाली घातले. मांडवात पोरं खिदळायची, "ताई, मिलिटरीत भरती झालीस का?" आणि दर रविवारी बाबा ओसरीवर बसून त्या बुटांना पॉलिश करायचे. मी म्हणायची, "बाबा, द्या मी करते." ते म्हणायचे, "असू दे गं." बाबांच्या हातातला तो ब्रश बघितला, की त्या बाईचा गळा दाबावासा वाटायचा. खरंच सांगते. माझ्या नवऱ्याने पुढे मला बघताना माझ्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही. तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे का, एवढंच त्याने विचारलं. मी सुखाने संसाराला लागले. पण ती बाई डोक्यातून गेली नाही. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. समोरासमोर उभं राहून तिने मला सांगायचं, माझ्या पायांत असं काय होतं, की त्यासाठी माझ्या बाबांना दारातून परत पाठवलंत. आणि सांगताना तिची मान खाली गेलेली मला बघायची होती.

आणि ती बाई एक दिवस माझ्या दुकानात आली.

साल दोन हजार तीन, थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हरणांचा मोसम उघडणार होता. इथे त्या सोमवारी शाळासुद्धा बंद असतात. सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपार उलटल्यावर गर्दी ओसरली, बाहेर पाऊस आणि बर्फ मिळून नुसता राडा झाला होता. मी खाली बसून डबे लावत होते आणि मागून मराठी ऐकू आलं.

"अरे, ही आपल्याकडची दिसतेय. चांगल्या घरातली वाटते रे. आणि बघ, लोकांच्या पायाशी बसलीय. काय वेळ आली असेल बिचारीवर!"

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. वळून बघितलं. पातळावर मुलाचं ढगळ जाकीट, पायांत पांढरे स्नीकर्स, तोच मोठा चष्मा. बाजूला तो. पोट सुटलेलं, पुढचे केस गेलेले. मी केस कापलेले, डोक्यावर दुकानाची टोपी, छातीवर मॅनेजरला उच्चारता यावं म्हणून छोटं केलेलं नाव. मला ओळखायचं त्यांना काही कारण नव्हतं.

"हाय, हाऊ कॅन आय हेल्प यू?" मी इंग्लिशमध्येच विचारलं.

तो बोलका निघाला. घाबरलेली माणसं बोलतात. न्यू जर्सीहून ड्राइव्ह करून आलो, म्हणाला. त्याच्या बॉसचा इथल्या डोंगरात वडिलोपार्जित शिकारीचा कॅम्प होता, तिथे त्याला बोलावलं होतं. बंदूक चालवायची नाही, फक्त बॉसच्या मागोमाग रानातून चालायचं. आवाज न करता. कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं, आणि बॉस कॅम्पवर नेतो ती माणसं टिकतात असं ऑफिसात सगळे म्हणत. गेल्या वर्षी एकाच्या बुटांच्या आवाजाने बॉसचं हरीण पळालं, तो आता कंपनीत नाही, असं सांगून तो हसला. हसताना त्याचा चेहरा रडवेला झाला. व्हिसा अजून कंपनीचाच, ग्रीन कार्ड लटकलेलं, बायको बाळंतपणाला पुण्याला गेलेली. नोकरी गेली तर गाशा गुंडाळून परत. आईला इथे शिकणाऱ्या मामेभावाकडे सोडून तो दुकानातून थेट कॅम्पवर जाणार होता. त्याच्याही पायांत स्नीकर्सच, ओलेचिंब झालेले. पायांत घालायला एवढंच काय ते त्याच्यापाशी होतं.

"सगळं काय सांगत बसतोस परक्या बाईला!" आई मराठीत म्हणाली. "आणि हे बघ, हरीण काय आपण थोडंच मारतोय? नोकरी टिकली म्हणजे झालं."

तर असा तो माझ्या हातात आला. आयताच. मी मनात म्हटलं, बस बाबा, बस.

मी त्याचं माप घेतलं नाही. त्याने सांगितला तो नंबर धरला आणि मागच्या खोलीतून आमच्याकडचे सगळ्यांत देखणे बूट आणले. लालसर चामडं, पितळी कड्या, आत बोटभर अस्तर. तळ पाटासारखा ताठ. दुकानाचा फोटो काढायचा असला की मॅनेजर तेच पुढे ठेवायचा. मागावर जाणाऱ्या माणसाला मी ते शत्रू असला तरी दिले नसते, असं म्हणायची पद्धत आहे. पण हा शत्रूच होता, आणि मी दिले.

"अगबाई, किती छान दिसतात!" बाई म्हणाल्या. "हेच घे."

तो उभा राहिला, चार पावलं चालला. कुर्र, कुर्र. प्रत्येक पावलाला. मला आतून इतका आनंद झाला की काय सांगू. सकाळच्या शांत रानात हा कुर्र, कुर्र करत बॉसच्या मागे जाणार, हरीण कान टवकारणार, बॉस मागे वळून बघणार. दुपारपर्यंत घामाने मोजे भिजणार, आणि त्यानंतर बोटांची नुसती लाकडं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त "गुड चॉइस" म्हणून बिल करायचं होतं.

तो म्हणाला, "लिटल टाइट, बट ओके."

"चामडं सैल होतं रे घालून घालून," आई म्हणाली.

आणि तिथेच माशी शिंकली. हा जाणार, फजिती करून घेणार, नोकरीही जाईल कदाचित, पण तो म्हणणार काय? नशीब खराब. बूट वाईट निघाले. त्याला कळणारसुद्धा नाही. तिला तर नाहीच नाही. सूड घेतला आणि ज्याच्यावर घेतला त्यालाच पत्ता नाही, मग तो कसला सूड? आणि मला जे विचारायचं होतं ते तर तसंच राहणार होतं. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि ते देखणे बूट ओढून काढले.

"मोजे काढा," मी मराठीत म्हटलं. "दोन्ही पायांवर नीट उभे राहा."

दोघंही दचकले. बाईंनी चष्मा सारखा केला. "अगंबाई, मराठी आहेस तू?"

"साताऱ्याची, काकू."

"हो का? छान, छान." बस. मघाशी जे बोलल्या त्याची लाज नाही, आणि सातारा ऐकून डोळ्यांत काही हललं नाही.

त्याने ओले मोजे काढले. "अहो, तुम्ही पायाला हात नका लावू, मीच मोजतो," असं म्हणायला लागला. मराठी बाई पायाशी बसलीय म्हटल्यावर तो नुसता आक्रसून गेला होता. मी म्हटलं, "माझं कामच आहे ते. जरा चालून दाखवा." तो दुकानाच्या लाकडी जमिनीवरून समोरच्या खांबापर्यंत गेला आणि परत आला. ओल्या पायांचे ठसे उमटले. टाच, मधला भाग, चवडा, सगळं एकसंध. मधे कुठे कमानीची जागाच नाही. मी बघतच राहिले. देवा, हे तू माझ्यासाठी राखून ठेवलं होतंस की काय!

"काकू, हे बघा," मी बोट दाखवून म्हटलं. "तुमच्या मुलाचे पाय फताडे आहेत."

"असतील," बाई म्हणाल्या. "पुरुषाच्या पायांचं काय एवढं!"

आत्ताच बोलले असते तर तोंडातून काय बाहेर पडलं असतं कुणास ठाऊक. आधी काम करायचं ठरवलं. आणि काम केलं ते असं, की मॅनेजरनेसुद्धा इतक्या निगुतीने केलं नसतं. दोन्ही पाय मोजले. तो सांगत होता त्याहून एक नंबर मोठा निघाला, आणि चवडा रुंद. आतून एक पातळ मोजा, वरून लोकरीचा. साधे, मातकट रंगाचे, मऊ तळाचे बूट काढले, ज्यांच्याकडे कुणी दोनदा बघत नाही. फताड्या पायांना आधार हवा म्हणून आत वेगळे तळवे कापून घातले. टाच घट्ट आणि बोटं मोकळी राहतील अशा नाड्या बांधल्या. मग त्याला त्या नकली खडकावर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. आवाज नाही. जमिनीवर एक प्लास्टिकचं हँगर पडलं होतं, त्यावर त्याचा पाय पडला तर त्याने तो आपोआप उचलला.

"ओ माय गॉड," तो म्हणाला. चेहरा अगदी लहान मुलासारखा उजळला होता. "यार, मला वाटायचं सगळ्यांचेच पाय दुखतात. आयुष्यात पहिल्यांदा बुटात पाय असल्यासारखं वाटतंय."

"दिसायला गबाळे आहेत," आई म्हणाली.

"आई, तू गप्प बस. हेच घेणार मी. थँक यू सो मच हं. तुम्ही वाचवलंत मला."

तो खुर्चीवर टेकला. मी समोरच्या स्टुलावर होतेच. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बाईंकडे बघितलं.

"काकू, तुम्ही मला बघायला आला होतात. साताऱ्याला. माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते."

तो एकदम खाली बघायला लागला. त्याला आठवत होतं की नाही, मला कळलं नाही. बाईंनी मात्र मान कलती करून मला निरखलं. मनापासून आठवायचा प्रयत्न केला, हे मला मान्य करायलाच हवं.

"हो का गं? साताऱ्याला गेलो होतो खरं एकदा. की दोनदा? नाही बाई लक्षात. किती मुली बघितल्या याच्यासाठी!"

"तुम्ही मला पाणी आणायला लावलंत. माझी ओली पावलं बघितलीत. आणि निरोप पाठवलात की पाय फताडे आहेत, अशी सून लाभत नाही."

"असं म्हणालो होतो?" बाई चक्क हसल्या. खट्याळ नाही, दुष्टही नाही. लग्नघरातल्या गमतीजमती निघाल्यावर बायका हसतात तसं. "अगं, म्हणालो असू. काहीतरी सांगावं लागतं ना! याच्या मनात तेव्हा कुणीच भरत नव्हतं, आणि नुसतं नाही कसं कळवायचं? लोकांना वाईट वाटतं. मग कुणाला रंग सांगायचा, कुणाला उंची, कुणाला पत्रिका. तुला पाय सांगितले असतील. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं?"

मी म्हटलं, "माझे बाबा डॉक्टरांचं पत्र घेऊन तुमच्या दारात आले होते."

"आले असतील. खूप जण यायचे गं तेव्हा. मुलगा अमेरिकेला निघालेला ना."

एवढंच. मान खाली गेली नाही. जायची गरजच नव्हती, कारण तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. माझ्या पायांत काही खोट नव्हती, आणि ते तिलाही तेव्हाच ठाऊक होतं. ते तपकिरी बूट, तो कागद, ओसरीवरचं ते पॉलिश, सगळं कशासाठी? तर तोंडात आला तो पहिला शब्द म्हणून. मला वाटलं होतं, कारण ऐकलं की राग निवेल. कारण ऐकलं आणि अंगाचा नुसता भडका उडाला. ती बाई मनापासून दुष्ट असती तरी मला चाललं असतं.

मी खाली वाकले आणि त्याच्या बुटांची नाडी सोडायला लागले.

"नाही, नाही, राहू दे पायात," तो म्हणाला. "घालूनच जातो. बिल करा ना."

मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. टाचेला धरून एक बूट काढला, मग दुसरा. आतले तळवे उपसून काढले. लोकरीचे मोजे काढून घेतले. तो उघड्या पायांनी बसला होता.

"हे बूट देता येणार नाहीत," मी म्हटलं.

"का?"

"मापाचे नाहीत."

"अहो, असं काय करता? आत्ता तर परफेक्ट होते! तुम्हीच घातलेत ना?"

"काहीतरी सांगावं लागतं ना," मी म्हटलं.

त्याने मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर काठी टेकत आला. मी त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं, की या माणसाचे पाय वेगळे आहेत, आणि याला योग्य असा जोड माझ्याकडे नाही, चुकीचे बूट देऊन मी याला डोंगरात पाठवणार नाही. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "ती नाही म्हणते तर नाही," एवढंच म्हणाला आणि बंदुकांकडे निघून गेला. माझा शब्द त्या दुकानात चालायचा. तो मी असा वापरला, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. आजूबाजूला दुसरं दुकान नव्हतं, आणि होतं ते रविवारचं बंद झालेलं. त्यालाही ते माहीत होतं. तो ओले मोजे हातात धरून बसून राहिला, घालेना.

तेव्हा बाई उठल्या. आता आवाजात गोडवा नव्हता.

"अगं, त्याची नोकरी जाईल गं. लेकुरवाळा होतोय तो. असं नको करू. मी चुकले म्हणते, मग तर झालं?"

मी बूट डब्यात घातले, त्यावर कागद घातला, झाकण लावलं.

"मी तुझ्या पाया पडते," बाई म्हणाल्या. आणि त्या खरोखरच वाकल्या. एका हाताने खुर्ची धरून, कण्हत, अगदी खालपर्यंत. आपल्याकडे मोठं माणूस असं वाकायला लागलं, की आपण झटकन मागे सरतो, "अहो काय करता, काकू" म्हणून त्यांचे हात वरच्यावर धरतो. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते. मी डबा पोटाशी धरून जिथे होते तिथेच उभी राहिले. त्यांची बोटं माझ्या पायांना लागली.

मी पाय मागे घेतला नाही. बूटही दिले नाहीत.